फितीवरील बॅकअपमधून फाइल परत मिळवणे : युनिक्स प्रणाली आणि मराठी मजकूर

१. प्रास्ताविक

संगणकावर मराठी मजकूर कसा लिहिला आणि साठवला जातो, हे आपण मागील घटकात पाहिले. तो हरवला तर परत कसा मिळवतात, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे. त्यासाठी आपण युनिक्स प्रणालीवरील चुंबकीय फितीचे, म्हणजे व्यवहारात आपण जिला ‘टेप’ म्हणतो तिचे, उदाहरण घेणार आहोत.

मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात टेप आणि युनिक्स कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करीत आहेत. कोणी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील छापखान्यात मुद्रितशोधन करतात, कोणी कल्याणच्या एखाद्या पतपेढीत आहेत, कोणी महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका ही तर संगणकीय नागरी सेवा सुरू करणाऱ्या राज्यातील आरंभीच्या महापालिकांपैकी एक होय. या परिसरात गेल्या तीन-चार दशकांत जो मराठी मजकूर संगणकावर लिहिला गेला, त्यातील बराचसा आज कोणाच्या तरी कपाटात, एखाद्या कार्ट्रिजमध्ये, नाव पुसट झालेल्या लेबलाखाली पडून असण्याची शक्यता आहे. तो कपाटाबाहेर काढण्याचे काम केवळ तंत्रज्ञाचे नाही. मजकूर बरोबर परत आला की नाही, याचा निवाडा अखेरीस मराठी जाणणाऱ्यालाच करावा लागतो.

२. फीत वाचण्याची रीत

गाण्यांची कॅसेट ज्यांनी वापरली आहे, त्यांना हा भाग सोपा जाईल. चौथे गाणे ऐकायचे असेल तर आधीची तीन गाणी ओलांडूनच पुढे जावे लागते. संगणकाची चकती, म्हणजे डिस्क, पुस्तकासारखी असते; हवे ते पान उघडता येते. फीत ही गुंडाळीसारखी असते. ती उलगडतच जावे लागते.

युनिक्स प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आकाराला येऊ लागली. फितीवर फाइली बांधून ठेवणारी ‘टार’ ही तिची आज्ञावली १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आली. तिचे नाव ‘टेप’ आणि ‘आर्काइव्ह’ या दोन शब्दांच्या जोडातून झाले आहे. टारची रचना साधी आहे. प्रत्येक फाइलीच्या आधी ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. तिच्यावर फाइलीचे नाव, मालक, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ लिहिलेली असते. चिठ्ठीमागोमाग मजकूर येतो, मग पुढची चिठ्ठी, मग पुढचा मजकूर. फितीवर कोठेही एकत्रित अनुक्रमणिका नसते. त्यामुळे फितीवर काय काय आहे हे जाणून घ्यायचे, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व चिठ्ठ्या वाचाव्या लागतात. वाचकाला हे गैरसोयीचे वाटेल. परंतु फितीचा मधला तुकडा खराब झाला तरी त्यापुढील चिठ्ठ्या अनेकदा वाचता येतात, हा या रचनेचा मोठा लाभ आहे.

एका फितीवर असे अनेक गठ्ठे असू शकतात : सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा. दोन गठ्ठ्यांमध्ये यंत्र एक खूण करून ठेवते. ‘एमटी’ या आज्ञेने फीत गुंडाळून आरंभाला आणता येते किंवा खुणा मोजत पुढे नेता येते. येथे नवशिका हमखास फसतो. युनिक्समध्ये एकाच टेप-यंत्राला दोन नावे असतात. एका नावाने हाक मारली तर काम होताच फीत आपोआप आरंभाला जाते. दुसऱ्या नावाने, ज्यात बहुधा ‘एन’ हे अक्षर असते, ती आहे तेथेच थांबते. बुधवारचा गठ्ठा हवा म्हणून दोन खुणा ओलांडल्या, पण पहिले नाव वापरले, तर फीत निमूटपणे मागे जाते आणि वाचला जातो सोमवारचा गठ्ठा. यंत्र चुकीची सूचना दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलेच नसते.

३. दोन शेजारच्या कळा

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीतील एका लहान संगणक-केंद्रात मराठी नोंदी तपासण्याचे काम करीत असे. एका जुन्या नियतकालिकाच्या अंकांची लेखसूची तेथे तयार होत होती. यंत्रावर युनिक्स होते, त्याला देवनागरी दाखवणारे जिस्ट टर्मिनल जोडलेले होते आणि दर शनिवारी पाव इंची कार्ट्रिजवर बॅकअप घेतला जाई. एका संध्याकाळी वीज गेली. परत आली तेव्हा सूचीची मुख्य फाइल अर्धवट राहिलेली आढळली. घाबरण्याचे कारण नव्हते. दोनच दिवसांपूर्वीची टेप हाताशी होती.

टार आज्ञावलीला एका अक्षराने काम सांगितले जाते. ‘टी’ म्हणजे यादी दाखव, ‘एक्स’ म्हणजे बाहेर काढ, ‘सी’ म्हणजे नवा गठ्ठा तयार कर. इंग्रजी कळफलकावर एक्स आणि सी या कळा शेजारीशेजारी आहेत. इनस्क्रिप्ट मांडणीत त्याच कळांवर अनुस्वार आणि म येतात. आमच्या सहकाऱ्याचे बोट एका कळेने सरकले. टारने फाइल बाहेर काढण्याऐवजी चकतीवरील तीच अर्धवट फाइल घेतली आणि फितीच्या आरंभी लिहून टाकली. अशा नव्या लेखनाच्या शेवटी समाप्तीची खूण पडते आणि सामान्यतः यंत्र त्या खुणेपलीकडे जायला तयार नसते. एका क्षणात मूळही गेले आणि प्रतही गेली.

त्या कार्ट्रिजच्या कोपऱ्यात लेखन रोखणारी एक लहानशी खिट्टी असते. ती फिरवायला दोन सेकंद लागतात. ती फिरवलेली नव्हती.

त्याआधीची टेप तेवीस दिवस जुनी होती. मधल्या दोन शनिवारी तीच एक टेप पुन्हा वापरली गेली होती, असे नंतर कळले. तेवीस दिवसांच्या नोंदी पुन्हा टंकता आल्या, कारण अंक समोर होते. परंतु त्याच काळात आम्ही त्या नियतकालिकाच्या एका वृद्ध जुळाऱ्याकडून टोपणनावांमागची खरी नावे विचारून घेतली होती आणि कागदावर न लिहिता थेट संगणकात भरली होती. त्यांच्याकडे पुन्हा गेलो. काही नावे त्यांनी तीच सांगितली, काही त्यांना आठवली नाहीत आणि दोन-तीन ठिकाणी त्यांनी निराळीच नावे सांगितली. पहिली बरोबर की दुसरी, हे ठरवण्याचे साधन आमच्याजवळ उरले नव्हते.

‘लीळाचरित्रा’च्या अभ्यासात आपण हाच प्रश्न पाहिला आहे. मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून पाठभेद निर्माण झाले. स्मरणातून केलेली पुनर्रचना मोलाची असतेच, परंतु ती प्रत नव्हे. बॅकअपच्या संदर्भात हा भेद विसरून चालत नाही.

४. प्रत्यक्ष कृती

आता काम कोणत्या क्रमाने करावे ते पाहू. फाइल गेल्याचे लक्षात येताच त्या चकतीवर नवे लेखन थांबवावे. फीत यंत्रात घालण्यापूर्वी तिची खिट्टी फिरवून लेखन रोखावे. डॅट आणि एलटीओ कार्ट्रिजवर ती सरकणारी पट्टी असते, काम तेच. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर मी ही एक गोष्ट कधीही दुसऱ्यावर सोपवलेली नाही.

फीत आरंभाला आणून आधी ‘टी’ वापरून यादी काढावी आणि ती कागदावर किंवा निराळ्या फाइलीत ठेवावी. हा टप्पा घाईत वगळला जातो, पण त्याच्याशिवाय पुढचे काम अंधारात होते. फाइलीचे नाव यादीत ज्या रूपात आहे, अगदी त्याच रूपात मागावे लागते. आरंभी टिंब आणि तिरपी रेघ असेल तर तीही लिहावी लागते. नाहीतर फाइल फितीवर असूनही ‘सापडली नाही’ असे उत्तर येते. यादीतील आकार आणि तारीख येथेच पाहून घ्यावी. आपल्याला हवी असलेली फाइल एकाच फितीवर दोनदा असू शकते. तशी असेल तर सामान्यतः नंतरची प्रत आधीच्या प्रतीवर उतरते.

त्यानंतर एक रिकामी डिरेक्टरी तयार करावी, ‘डीएफ’ आज्ञेने चकतीवर पुरेशी जागा आहे का ते पाहावे आणि फाइल तेथेच काढावी. मूळ जागी कधीही थेट काढू नये. जुन्या टार आज्ञावली फाइलीचे नाव मुळापासूनच्या पूर्ण पत्त्यासह लिहीत, आणि तसे असेल तर आपण कोठेही उभे असलो तरी फाइल त्या मूळ पत्त्यावर जाऊन बसते. तेथे आज सकाळी केलेले काम असेल तर ते त्याखाली गाडले जाते. ग्नू प्रकल्पातील टार आरंभीची तिरपी रेघ काढून टाकते. परंतु समोरचे यंत्र कोणती टार वापरते हे माहीत नसताना त्यावर विसंबणे योग्य नाही.

फीत जुनी असेल आणि अडखळत असेल तर तिच्यावर पुनःपुन्हा प्रयोग करू नयेत. ‘डीडी’ या आज्ञेने तिच्यातील सर्व माहिती जशीच्या तशी एकदाच चकतीवर उतरवून घ्यावी आणि पुढचे सारे प्रयत्न त्या उतरवलेल्या प्रतीवर करावेत. जीर्ण पोथी हाताळणारा संशोधक आधी तिचे छायाचित्रण करून घेतो, त्यातलाच हा प्रकार.

५. पूर्ण प्रत आणि पुरवणी प्रती

मोठ्या कार्यालयांत रोज सर्व फाइलींचा बॅकअप घेणे परवडत नाही. म्हणून ‘डम्प’ नावाची आज्ञावली शून्यापासून नऊपर्यंतच्या पातळ्या वापरते. शून्य पातळी म्हणजे संपूर्ण प्रत. त्यापुढील पातळी म्हणजे आधीच्या खालच्या पातळीनंतर जे बदलले तेवढेच. परत मिळवताना ‘रिस्टोर’ ही तिची जोडीदार आज्ञावली वापरतात आणि शून्य पातळीपासून चढत्या क्रमाने जातात. मूळ ग्रंथ आणि त्याच्या पुरवण्या असाव्यात तसे हे नाते असते. रविवारची शून्य पातळीची फीत हरवली तर सोमवार ते शनिवारच्या फितींत पुरवण्या तेवढ्या उरतात.

६. बाइट परत आले. मजकूर आला का?

फाइल परत आली, आकार जुळला, तारीख जुळली. तंत्रज्ञ येथे आपले काम संपले असे समजतो. आपण फाइल उघडतो आणि पडद्यावर चित्रविचित्र खुणांची रांग दिसते. फीत खराब झाली, असा निष्कर्ष काढून ती टाकून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. वास्तविक फीत निर्दोष होती. तिच्यावर लिहिलेले अंक कोणत्या तक्त्याने वाचायचे, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते.

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो, हे आपण शिकलो आहोत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा सांकेतिक तक्ता तयार झाला आणि १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक ठरला. त्यात देवनागरी अक्षरे साधारणपणे १६१ ते २५० या अंकांत बसवली आहेत. क चा अंक १७९. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ आहे आणि यूटीएफ-८ या रूपात तो २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. जुनी इस्की फाइल नव्या यंत्रावर थेट उघडली तर ती वाचता येत नाही, यात नवल नाही.

‘ओडी’ नावाची आज्ञा फाइलीतील अंक उघडे करून दाखवते. ते दशमान अंकांत मागवावेत आणि शांतपणे पाहावेत. २२४ आणि त्यामागोमाग १६४ किंवा १६५ ही जोडी वारंवार येत असेल, तर तो युनिकोडमधील देवनागरी मजकूर आहे. अशी जोडी नाही, पण १६१ ते २५० मधील अंक दाटीने येत आहेत, तर इस्कीची शक्यता मोठी. इस्कीतून युनिकोडमध्ये जाणे तुलनेने सोपे असते, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरच आधारलेली आहे.

तिसरी शक्यता सर्वांत कठीण. छापखान्यांतील अक्षरजुळणीत अनेक वर्षे असे फाँट वापरले गेले, की ज्यांत अंक हा अक्षराचा नसून आकाराचा असे. अर्धा क निराळा, पूर्ण क निराळा, काना स्वतंत्र. ‘कि’ उच्चारताना क आधी येतो, म्हणून इस्कीत आणि युनिकोडमध्येही क आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. आकारांच्या फाइलीत मात्र डोळ्याला वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधी साठवली जाते. ‘अर्थ’ या शब्दातील रफार उच्चारात थ च्या आधी असतो. आकारांच्या फाइलीत तो थ च्या नंतर येतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. फाँटचे नाव ठाऊक नसेल तर ती फाइल म्हणजे कुलूप लावलेली पेटीच.

रूपांतर झाल्यावर मजकूर तपासण्याचे काम आपले. सगळा मजकूर वाचणे शक्य नसते, म्हणून भाषेच्या अवघड जागा आधी पाहाव्यात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शोधून पाहावेत. एकात रफार आहे, दुसऱ्यात मराठीचे वैशिष्ट्य असलेला अर्धा र आहे, आणि या दोन्हींचा अर्थ अगदी भिन्न आहे. रूपांतर करणारी आज्ञावली मराठीचा विचार न करता लिहिलेली असेल तर दोन्ही शब्द एकच होऊन बसतात आणि डोंगरातल्या खोल जागेचा समुद्र होतो. त्याचप्रमाणे ‘ॲ’ आणि ‘ऑ’, ‘ळ’, आणि ज्ञ-क्षसारखी जोडाक्षरे पाहावीत. शुद्धलेखन तपासणारे साधन हे दोष नेहमी पकडत नाही, कारण चुकीचा शब्दही शब्दकोशात असतो.

येथे थोडे थांबा. आपल्या कार्यालयातील किंवा घरातील एखादी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मराठी फाइल आठवा. ती कोणत्या फाँटमध्ये होती, हे आपल्याला आज सांगता येते का?

७. फीत कोठे ठेवावी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवसांत उल्हास नदीचे पाणी बदलापूर, कल्याण परिसरातील वस्त्यांत शिरले आणि तळमजल्यावरील घरे, दुकाने, कार्यालये पाण्याखाली गेली. ज्या खोलीत संगणक, त्याच खोलीतील कपाटात बॅकअप, अशी आपल्याकडची सर्वसाधारण व्यवस्था असते. अशा पाण्यात मूळ आणि प्रत यांची गत एकच होते. डोंबिवलीतील फीत कल्याणला ठेवणे आगीच्या दृष्टीने पुरेसे आहे, पुराच्या दृष्टीने नाही, कारण दोन्ही शहरांना पाणी एकाच खोऱ्यातले. कसारा घाट ओलांडून नाशिकला कोणी नातेवाईक असतील तर एक प्रत त्यांच्याकडे असावी.

दमट हवा हा आपल्या खाडीकाठचा दुसरा शत्रू. एलटीओ फितींच्या दीर्घकालीन साठवणीसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवलेली आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात साध्या कपाटात ही मर्यादा पाळणे अशक्यच. निदान घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या तरी वापराव्यात. भिजलेली फीत उन्हात किंवा पंख्याखाली वाळवून लगेच यंत्रात घालू नये. ती जाणकाराकडे न्यावी.

इतका खटाटोप करण्यापेक्षा चकत्यांवर दोन-तीन प्रती ठेवाव्यात, असे आपल्याला वाटेल. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या जीमेल सेवेतील सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. पत्रांच्या अनेक प्रती निरनिराळ्या केंद्रांत होत्या. परंतु आज्ञावलीतील दोषाने त्या प्रतींनाही गाठले. पत्रे परत आली ती फितींवरून. कपाटातील फीत कोणत्याही यंत्राला जोडलेली नसते, म्हणून यंत्रातील चूक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला धोका असतो तो ती यंत्रात घालणाऱ्या हाताचा.

२०२५ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या अडगळीत युनिक्सच्या चौथ्या, म्हणजे १९७३ च्या, आवृत्तीची फीत सापडली. अर्धशतकाहून जुनी फीत नेहमीसारखी वाचण्याचा धोका न पत्करता तिच्यावरील चुंबकीय लहरी आधी जशाच्या तशा नोंदवून घेतल्या गेल्या आणि त्यांचा अर्थ नंतर आज्ञावलीने लावला. तिच्या लेबलावर हाताने आवृत्तीचे नाव लिहिले होते आणि कंसात एक सूचना होती : रचनेसाठी पुस्तिका पाहावी.

आपल्या फितीच्या डब्यातही असा एक कागद असावा. त्यावर तारीख, यंत्राचे व प्रणालीचे नाव, बॅकअप घेताना दिलेली पूर्ण आज्ञा, फितीवरील गठ्ठ्यांची संख्या, मजकूर इस्कीत आहे की युनिकोडमध्ये, आणि फाँटचा असल्यास फाँटचे नाव व कंपनी एवढे लिहावे. शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल वापरावी, म्हणजे ओल लागली तरी अक्षर फुटणार नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या ग्रंथालयात, छापखान्यात किंवा कार्यालयात जाऊन तेथील जुना मराठी मजकूर कोणत्या माध्यमावर आणि कोणत्या संकेतात ठेवला आहे, याची चौकशी करा. त्यातील एक फाइल परवानगीने रिकाम्या डिरेक्टरीत काढून पाहा आणि ‘दर्या’-‘दऱ्या’ यांसारख्या पाच शब्दांच्या आधारे ती कितपत शुद्ध आली, याचे टिपण सुमारे तीनशे शब्दांत लिहा.